अमळनेरच्या एडिटिंगवाल्या दादाला, जाहीर आभार

दादा, नमस्कार.

तुम्ही म्हणाला होतात नाव टाकू नका, मी असं काय मोठं केलंय, म्हणून टाकत नाही. अमळनेरला लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळं बाकीच्यांना कळायचं नाही. तुम्हाला मात्र लगेच कळेल, कारण पाण्याच्या तांब्याच्या आवाजावरनं आजीच्या गाण्याचा व्हिडिओ जुळवून घेणारा माझ्याशिवाय तुमच्याकडं कोण आलं असणार.

आज सकाळीच कानबाईला (आमच्या खानदेशात श्रावणात घरी बसवतात ती देवी) निरोप देऊन आलो. रात्रभर जागरण, डोळे चुरचुरताहेत, पण आता लिहिलं नाही तर कामाच्या रगाड्यात राहून जाईल आणि मग फोनवर नुसतं थँक्यू म्हणून मोकळा होईन, ते नको.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मागच्या श्रावणात मी आमच्या मोठ्या मायचं (आमच्याकडं आजीला मोठी मायच म्हणतात) रेकॉर्डिंग केलं होतं. कानबाईची गाणी. गावाकडचं माजघर, संध्याकाळ झालेली, वर एक पिवळा बल्ब, मोबाईल आपला पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती गात बसली ती 38 मिनिटं. माघात ती गेली. यंदाच्या कानबाईला तिचीच गाणी टीव्हीवर लावायची असं घरात ठरलं, पण मधे शेजारीण निरोप घेऊन आली होती, दारात कुत्रं भुंकत होतं, एकदा तर माझाच फोन वाजला, ते सगळं काढायचं होतं आणि सुरुवातीला तिचे जुने फोटो टाकायचे होते. एवढंच काम. याच्यासाठी मी तीन महिने फिरलो.

धुळ्यातल्या एका दुकानात दिलं. 1500 रुपये, चार चकरा. पहिल्यांदा जे हातात आलं त्यात सुरुवातीला सगळं ठीक, पण जसजसं पुढं जावं तसतसा आवाज मागं पडत गेलेला, आणि शेवटी तर मोठी माय तांब्यानं पाणी पितेय आणि गाणं चालूच. आई ते बघून उठून आत निघून गेली. परत नेऊन दिलं तर त्यांनी काय करावं, पूर्ण आवाज तीन सेकंद पुढं ओढला. मग शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली, तिचं तोंड उघडायच्या आधीच आवाज यायला लागला. मेलेल्या माणसाच्या बाबतीत असं काही बघणं म्हणजे काय असतं ते ज्यानं बघितलं त्यालाच कळेल. मी तसं बोललो तर काउंटरवरचा म्हणाला, काका, मोबाईलचं शूटिंग असंच येतं, आणि तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणारे? पैसे घेताना मात्र त्याच्या बरोबर लक्षात होतं.

मग भाच्यानं मनावर घेतलं. पोरगं चांगलं, रात्ररात्र बसलं लॅपटॉपवर, पण कानात ब्लूटूथ. त्यानं जुळवावं, टीव्हीवर लावलं की परत हललेलं. नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर कुणी म्हणे नवीन लॅपटॉप घ्या, कुणी म्हणे आजकाल एआय सगळं करतं, एकानं तर हात जोडलेले टाकले आणि विषय संपला.

तुमचा नंबर कुणाकडनं मिळाला ते जाऊ द्या. मी आलो तेव्हा वैतागलेलाच होतो, खरं सांगू का, भांडायच्या तयारीनंच आलो होतो. तुम्ही नुसतं विचारलंत, "काय व्हयनं भाऊ?" आणि माझं सगळं रामायण ऐकून घेतलंत, मधे एकदाही मोबाईलकडं न बघता. मग एकच प्रश्न, मूळ मोबाईलवर बरोबर दिसतं का? म्हटलं हो, मोबाईलवर बरोबर आहे. तर म्हणालात, मग काही गेलेलं नाही, सगळं जागेवर आहे. दादा, तीन महिन्यात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं.

आणि मग तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मी आता घरात सगळ्यांना सांगत फिरतो. मोबाईलवर सेकंदाला 30 फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं) लिहिलेलं असतं पण तो काही एकसारख्या 30 घेत नाही, उजेड कमी झाला की एकेक फ्रेम घ्यायला जास्त वेळ लावतो आणि मधूनमधून सेकंदाला 29 नाहीतर 28 वर येतो. कुठली फ्रेम किती वाजता घेतली ते तो स्वतः लिहून ठेवतो, म्हणून मोबाईलवर चालवलं की बिघाड दिसत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा ती नोंद न बघता सगळ्याला 30 चीच चाल लावून देतं. 38 मिनिटांना 68,400 फ्रेम पाहिजेत, आमच्या माजघरातल्या त्या बल्बखाली नव्वदेक कमी भरल्या, म्हणजे चित्र तीन सेकंद आधी संपलं. आवाज बिचारा आपल्या चालीनं बरोबरच येत होता.

तरी मला कळेना की पुढंमागं ओढून का जुळत नाही. तर तुम्ही म्हणालात, भुसावळहून दोन गाड्या बरोबरीनं सुटल्या आणि एक जराशी हळू असली, तर जळगावपर्यंत काही कळत नाही, पाचोऱ्याला थोडं कळतं, चाळीसगावला चांगलंच कळतं, आता मनमाडला हळू गाडी ढकलून जुळवली तर जळगावचं काय होईल? बास. दुकानातल्यानं तेच केलं होतं. सगळीकडं सारखाच फरक असेल तर ढकलून काम होतं, फरक वाढत जात असेल तर गाडीची चालच बदलावी लागते. एवढं सरळ मला कुणी सांगितलंच नव्हतं, बहुतेक सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

तुम्ही ते हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावून कॉन्स्टंट फ्रेम रेटची, म्हणजे दर सेकंदाला सारख्याच फ्रेमची, नवी कॉपी काढलीत, पुढं काय काय दाबलंत ते मला सांगता येणार नाही आणि इथं सांगायचंही नाही. लॅपटॉप घरघर करत होता तोवर चहा झाला. अमेरिकेतलं शूटिंग आलं की सेकंदाच्या 29.97 फ्रेमना 30 धरून तासाला साडेतीन सेकंदांची वाट कशी लागते आणि ती भानगड 1953 मधे तिकडं रंगीत टीव्ही आला तेव्हापासूनची आहे, हे तुम्ही इतक्या मजेनं सांगत होतात की मी कशासाठी आलोय ते दहा मिनिटं विसरलो.

पण मी जे सांगायला बसलोय ते वेगळंच आहे.

कॉपी निघाली, तुम्ही नवीन फोल्डर केलंत आणि कीबोर्डवर हात ठेवून थांबलात. विचारलंत, नाव काय देऊ? मी म्हटलं काहीही द्या. तर तुम्ही म्हणालात, नाही, तुम्ही त्यांना काय म्हणायचात? मी सांगितलं. मग तुम्ही कीबोर्ड मराठीवर घेतलात, दोनदा चुकलात, खोडलंत, आणि टाइप केलंत, मोठी माय. वर म्हणालात की इंग्रजी नाव असलं तर काही सॉफ्टवेअर कमी कुरकुरतात, पण कुरकुरू दे.

दादा, धुळ्याच्या दुकानातनं मला जो पेनड्राइव्ह मिळाला होता ना, त्यात फोल्डरचं नाव होतं म्हातारी फायनल 3. मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. लाजच वाटली सांगायला. चार वेळा मी ते नाव बघितलं, चार वेळा काही बोललो नाही, नावात काय एवढं, काम होऊ दे म्हटलं. ते आत कुठंतरी रुतून बसलेलं असणार, कारण तुम्ही ती दोन-दोन अक्षरांची खटपट करत होतात तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मी बाहेर जाऊन गाडीचं हँडल लॉक केलंय का ते बघून आलो. लॉक होतं, मला माहीत होतं.

हिशोब तपासायला तुम्हाला एक खटकन येणारा आवाज पाहिजे होता. सिनेमात पाटी आपटतात तसा, कारण ओठांवरनं जुळवायला गेलं की माणूस फसतो. मोठ्या मायनं गाणं सुरू करायच्या आधी पितळी तांब्या फरशीवर ठेवला होता, ठण्ण, आणि शेवटी पाणी पिऊन परत ठेवला, ठण्ण. तुम्ही दोन्ही जागा शोधल्यात, तळ टेकतो ती फ्रेम आणि आवाजाची ती उंच रेघ, पहिल्या तांब्याला जुळली, शेवटच्या तांब्यालाही जुळली. म्हणालात, बघा, तुमच्या मोठ्या मायनं स्वतःच क्लॅप देऊन ठेवलाय. हे ऐकून ती केवढी हसली असती सांगू. तिला आपलं काम कुणावर ठेवायची सवयच नव्हती.

मग मला वायरचा हेडफोन दिलात, की ब्लूटूथमधे आवाज मुळातच उशिरा येतो, त्याच्यावर कधी जुळवायचं नाही. भाच्याच्या रात्री कशात गेल्या ते तेव्हा कळलं. आणि मी विचारलं की आवाज आधी आला तेव्हा मला एवढं भेसूर का वाटलं, नंतर आला तेव्हा एवढं नाही, त्याचंही उत्तर तुमच्याकडं होतं. आमचं गाव तापीकाठचं, पलीकडच्या काठाला बाई धुणं आपटते ते आधी दिसतं आणि आवाज मागनं येतो, शंभर मीटरला जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा, ती सवय माणसाला जन्मापासनं आहे. उलटं कधी होत नाही. टीव्हीवाल्यांच्या हिशोबातसुद्धा म्हणे आवाज 45 मिलिसेकंद आधी आला की खटकतो आणि उशिरा असला तर 125 पर्यंत ध्यानात येत नाही. म्हणजे मी काही उगाच कटकट करत नव्हतो. हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं हो.

पैसे किती म्हटलं तर तीनशे म्हणालात आणि घेतलेत. ते फार बरं केलंत. फुकट केलं असतं तर मला उपकाराखाली दबल्यासारखं झालं असतं. काम येणं ही एक गोष्ट आणि समोरचा काय घेऊन आलाय ते विचारणं ही दुसरी, आणि आपल्याकडं काम येणारे कमी नाहीत बरं का, दुसरीचाच दुष्काळ आहे. बँकेत बघा, दवाखान्यात बघा, आपण नंबरच असतो, आपलं माणूस म्हातारी असतं. कुणी एक जण थांबून तुम्ही काय म्हणायचात असं विचारतो, त्याला किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट?

काल रात्री लावलं. कानबाईपुढं बाया बसलेल्या, दोघीतिघी मोठ्या मायच्याच वयाच्या. पहिला तांब्या वाजला, ती गायला लागली, आणि या बसल्या जागी तिच्याबरोबर गायला लागल्या, टीव्ही आहे वगैरे काही नाही. आई मागच्या वेळेसारखी उठेल म्हणून मी तिच्याकडंच बघत होतो. उठली नाही. शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आते बराबर बोली रायनी." सासूबद्दल तिनं चाळीस वर्षात काढलेला पहिला चांगला शब्द असेल, पण ते जाऊ द्या, घरातलं आहे.

कानबाईच्या प्रसादाचे रोट आमच्यात भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, नाहीतर डबाच पाठवला असता. वरणबट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीला मात्र काही बंधन नाही, आईनं तुम्हाला बोलावलंय, येत्या रविवारी या. आणि तो वायरचा हेडफोन चुकून माझ्याच पिशवीत आलाय, घरी आल्यावर सापडला. पोस्टानं पाठवणार होतो, आता नाही पाठवत. येऊनच न्या.