हॅम्बुर्गची ‘संगीतमय’ सहल : तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग (युरोप सहली)

विषय : हॅम्बुर्गमधील ‘कला व संगीत विशेष’ दिवसाचे ३७,००० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

मे महिन्यात आपल्या जर्मनी सहलीला मी आणि माझे यजमान आलो होतो. सहलीच्या मूळ रकमेवर हॅम्बुर्गच्या ‘कला व संगीत विशेष’ दिवसाचे माणशी १८,५०० रुपये आपण वेगळे घेतले. ही तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. हॉटेल चांगले होते, दोनदा वरणभातही मिळाला. त्याबद्दल काही म्हणणे नाही.

आपल्या माहितीपत्रकातले पहिले वाक्य : ‘एल्बफिलहार्मोनीत संगीताचा अनुभव’. एल्बफिलहार्मोनी म्हणजे हॅम्बुर्गची मैफलींची इमारत. आम्ही पैसे भरले ते याच ओळीवर. २१०० आसनांचे सभागृह, मधोमध वादक, चारी अंगांनी चढत गेलेले श्रोते आणि त्यातला एकही वाद्यवृंदाच्या संचालकापासून ३० मीटरपेक्षा लांब नाही. भिंतींना जिप्समचे सुमारे १०,००० तुकडे लावलेत, प्रत्येकाचे खळगे वेगळे, आवाज नीट विखुरला जावा म्हणून. यजमानांनी हे निघण्याआधी महिनाभर मला इतके ऐकवले की माझेही पाठ झाले. प्रत्यक्षात टूर मॅनेजरांनी आम्हाला ८२ मीटर लांबीच्या वळणदार सरकत्या जिन्याने प्लाझावर नेले. एकेकाळी कोको, चहा, तंबाखू साठवायच्या विटांच्या गोदामाच्या माथ्यावरचा, ३७ मीटर उंचीवरचा हा सज्जा. खाली एल्बे नदी, बंदरातल्या क्रेन, आणि वारा असा की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. दृश्य सुरेख होते. चाळीस मिनिटे फोटो झाले आणि आम्ही खाली उतरलो. “मैफल कधी?” मी विचारले. “मॅडम, एल्बफिलहार्मोनी झाली की!”

प्लाझावर जायला मैफलीचे तिकीट लागत नाही, तिथे कुणीही जातो. बालगंधर्वच्या पायऱ्यांवर उभे करून कुणी ‘झाले नाटक’ म्हटले, तर पुण्यात काय होईल ते आपणच ठरवा.

त्यानंतर कुन्स्टहाले, म्हणजे हॅम्बुर्गचे कलासंग्रहालय. माझे यजमान एकतीस वर्षे चित्रकला शिकवत होते. धुक्याच्या समुद्राकडे पाहणारा, आपल्याकडे पाठ करून उभा असलेला तो माणूस आणि बर्फाच्या फळ्यांखाली चिरडलेले जहाज, ही कास्पार डाव्हिड फ्रीडरिशची दोन्ही चित्रे याच संग्रहालयात आहेत. वर्गात ते ती पुस्तकातल्या तळहाताएवढ्या छापावरून समजावत. धुक्याचे मूळ चित्र जेमतेम तीन फूट उंचीचे आहे हे त्यांना माहीत होते, फक्त त्याच्यासमोर एकदा उभे राहायचे होते. आपण आम्हाला तिथे सोमवारी नेले. कुन्स्टहाले सोमवारी बंद असते. हे तिथल्या कुठल्याही माणसाला विचारले तरी कळले असते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्यापुढे ‘फोटो स्टॉप’ असे बारीक अक्षरात छापले होते, ते आम्हाला दारात उभे असताना दाखवण्यात आले. यजमान काही बोलले नाहीत. कुलूपबंद दाराच्या काचेतून आत डोकावून आले आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

‘ब्राम्सच्या जन्मघराला भेट’ याबद्दल तर आपल्याकडे कुणी साधी चौकशीही केलेली दिसत नाही. संगीतकार ब्राम्स १८३३ साली ज्या घरात जन्मला, ते १९४३च्या बॉम्बहल्ल्यात पडले. आता तिथे स्मारकाचा दगड आहे. ब्राम्सचे संग्रहालय पेटरश्ट्रासेवरच्या एका दुसऱ्याच जुन्या घरात आहे. आम्हाला ना दगड दाखवला, ना संग्रहालय.

उरलेले तीन तास म्योंकेबेर्गश्ट्रासेवर खरेदीसाठी. मला काही घ्यायचे नव्हते, म्हणून मागच्या गल्लीत गेले तर सेंट याकोबी चर्च लागले. आत आर्प श्निटगरने १६९३ साली पूर्ण केलेला ऑर्गन आहे, सुमारे ४००० नळ्यांचा. १७२० मध्ये खुद्द थोर संगीतकार बाखने इथल्या ऑर्गनवादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. दुसऱ्या महायुद्धात नळ्या आधीच काढून ठेवल्या, म्हणून चर्च जळले तरी त्या वाचल्या. आमच्यासाठी ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातली पायपेटी. इथे कुणीतरी सराव करत होते. एकच ओळ पुन्हा पुन्हा, चुकली की मागून. खालच्या पट्टीतला स्वर आला की बाकाची फळी मांडीखाली थरथरत होती. यजमानांना बोलावून आणले आणि आम्ही पाऊण तास बसलो. हॅम्बुर्गमध्ये आम्ही ऐकलेले संगीत एवढेच, आणि ते आपल्या पत्रिकेत नव्हते. तेव्हा ते आपल्या खात्यावर मांडू नये.

माझ्या ई-मेलला ‘सर्व स्थळांना भेट देण्यात आली आहे’ असे उत्तर आले, वर पुढच्या सहलीसाठी २,००० रुपयांचे कूपन. कूपन नको. माहितीपत्रक, पावती, कार्यक्रमपत्रिका आणि बंद दाराचा फोटो सोबत जोडला आहे. ३७,००० रुपये पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. तसे न झाल्यास सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. अर्ज लिहून तयार आहे, यजमानांच्या सुवाच्य अक्षरात.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)