प्रकाश धरून ठेवण्याबद्दल

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "प्रकाश अडवायचाच तर भिंत पुरते की!" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. भिंत प्रकाश गिळते आणि गिळलेला परत देत नाही. आम्हाला तो जसाच्या तसा परत हवा असतो.

माझ्या टेबलावर बोटभर लांबीची काचेची नळी आहे, आत रुबिडियमची वाफ. 795 नॅनोमीटरचा लेसर सोडला की वाफ तो शोषून टाकते, पलीकडे काहीच येत नाही. मग सोबत दुसरा, जोरकस लेसर सोडायचा. आता अणूला वरच्या पातळीवर चढायला दोन वाटा होतात आणि त्या एकमेकींना पुरत्या खोडून काढतात. अणू चढतच नाही, आणि अपारदर्शक वाफ पारदर्शक होते! ही पारदर्शकतेची खिडकी फार अरुंद असते. तेवढ्या पट्ट्यात अपवर्तनांक (वाफेत लाटा किती मंदावतात याचं माप) झपाट्याने बदलतो, म्हणून स्पंदातल्या, म्हणजे प्रकाशाच्या क्षणभराच्या झोतातल्या, लाटा जिथे जुळतात ती जागा, म्हणजे स्पंदाचा माथा, अगदी सावकाश सरकते. दुसऱ्या लेसरचा जोर जितका कमी, तितका स्पंद हळू.

1999 मध्ये लेने हाउ यांच्या गटाने अतिथंड सोडियममध्ये हा वेग सेकंदाला 17 मीटरवर आणला. ते अणू ज्या अवस्थेत होते, त्या बोस-आइन्स्टाइन संघनिताच्या नावात आपले सत्येंद्रनाथ बोस आहेत, हे मी इथे सगळ्यांना सांगत असते.

आमचं काम त्यामानाने साधं. तीन दिवस स्पंदाला उशीरच होईना. शेवटी दिसलं, नळीभोवतीच्या चुंबकीय कवचाचं एक झाकण नीट बसलं नव्हतं. बाहेरच्या एवढ्याशा क्षेत्राने अणूंचा ताल बिघडत होता. झाकण दाबलं, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर नळीतून आलेल्या स्पंदाची टेकडी उजवीकडे, म्हणजे उशिराकडे, सरकली. 30 मायक्रोसेकंद! तेवढ्यात मोकळा प्रकाश 9 किलोमीटर गेला असता. मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते.

पुढच्या आठवड्यात स्पंद आत असतानाच दुसरा लेसर बंद करणार आहोत. तेव्हा नळीत प्रकाश उरत नाही, अणूंच्या स्पिनमध्ये (अणूंच्या इवल्या चुंबकासारख्या गुणात) फक्त त्याचा ठसा राहतो. लेसर पुन्हा लावला की त्या ठशातून तोच स्पंद बाहेर यायला हवा. आला, तर वेळ न बघता फोन करीन.

आईला नमस्कार.

तुमची लेक