रक्ताच्या टेस्टबद्दल, बाबांनी विचारलं म्हणून

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "स्ट्रोक आता रक्ताच्या जनुकीय टेस्टवरून कळतो म्हणे. म्हणजे दोष जनुकांतलाच ना? मग तो तुझ्यातही आला असेल का गं? आधीच टेस्ट करून ठेवूया का?" तुमचा आवाज एकदम बारीक झाला होता. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तसं नाही, बाबा. या टेस्टमध्ये आईवडिलांकडून आलेला दोष शोधत नाहीत. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्याची चाहूल लागते. जनुकं जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळीच असतात, पण एका वेळी कामाला लागलेली थोडीच. अशा वेळी काही जास्त जोरात कामाला लागतात, काही मंदावतात. कामाला लागलेलं जनुक आरएनए, म्हणजे स्वतःची कामापुरती नक्कल, तयार करतं आणि मोजायचा असतो तो आरएनए. 2006 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्ट्रोकच्या 15 रुग्णांचं रक्त 3 तासांच्या आत, मग 5 आणि 24 तासांनी तपासलं. पहिल्या नमुन्यातही फरक दिसला. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मला आपली ती सकाळ आठवली.

तुमच्या डाव्या हातातली बशी तिरकी होत गेली आणि चहा धोतरावर सांडला. तुम्ही म्हणालात, रात्री हात अवघडला. आईने तेल चोळलं. शेजारच्या काकांनी मायेपोटी रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन दिली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे अगदी ठणठणीत कधी होते?" आपण एकमेकांकडे बघत राहिलो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली होती.

तुम्ही म्हणता तशी टेस्ट करून ठेवण्यात मात्र अर्थ नाही. ती पुढचं भविष्य सांगत नाही, आणि जंतुसंसर्गानेही याच पेशी ढवळून निघतात, त्यामुळे वेगळं ओळखणं अवघड. आरएनए मोजायला वेळही लागतो. गुठळी आहे की रक्तस्राव, हे आज सीटी स्कॅनसारखी मेंदूची तपासणीच सांगते. ते कळण्याआधी अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. रक्तस्राव असता तर त्या एका गोळीने काय झालं असतं, याचा विचारही मला करवत नाही.

आई, तुझ्यासाठी एवढंच: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एकही दिसलं तरी आधी 108 ला फोन कर, मग मला. आणि बाबा शेवटचे ठणठणीत होते ती वेळ कालनिर्णयवर लिहून ठेव. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी जायचंच. "पित्त झालं असेल" म्हणत बसू नका.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. दिवाळीत येताना मशीनचा नवा पट्टा आणते, जुना सुटतोय.

तुमची,
चिमी