गावचं पान शोधता आलं पाहिजे

संपादक महोदय,

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. देवगड तालुक्यात सकाळच्या पहिल्या फेरीला प्रवाशांच्या आधी पेपरचे गठ्ठे चढायचे. सुतळीने बांधलेले, पावसाळ्यात प्लास्टिकात गुंडाळलेले, वर गावाच्या नावाची चिठ्ठी. गाडी तिठ्यावर थांबायच्या आत कोणीतरी ओरडायचा, "पेपर इलो काय?" नसला की बोलणी मला.

मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या आणि पेपर पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर आला. तो उतरवून घ्यायला मी शाळेच्या कठड्यावर जाऊन बसायचो, रेंज तिथेच. पुढे गाड्या सुरू झाल्या, पण आमच्या वाडीत नऊ पेपर यायचे तिथे आता दोन येतात. मीसुद्धा मुलाने वर्गणी भरलेला आपला ई-पेपरच वाचतो. पहाटे पाचला पान हातात असतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते वेगळंच. आपला ई-पेपर म्हणजे छापील पानाच्या नुसत्या फोटोसारखा. गेल्या वैशाखात आमच्या सामाईक आंबा-कलमांच्या जमिनीच्या विक्रीची जाहीर नोटीस आपल्या सिंधुदुर्ग आवृत्तीत आली. हरकतीला मुदत 15 दिवस. धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो, त्याच्या मोबाइलवर मुंबई आवृत्ती उघडते. मी सिंधुदुर्गची उघडतो, पण दोन बोटांनी पान ताणून बातम्या वाचेपर्यंत डोळ्यांना पाणी येतं. सहाव्या पानाच्या तळाला कोण जातो? आम्हाला कळलं सतराव्या दिवशी, सलूनमध्ये. न्हाव्याने आरसा पुसायला जुना पेपर काढला, त्यात आमचा गट नंबर!

घरी येऊन ई-पेपरच्या शोधपट्टीत गावाचं नाव टाकलं, गट नंबर टाकला. 'काहीही आढळले नाही.' नोटीस डोळ्यांसमोर, आणि मोबाइल म्हणतो नाही.

माझा भाचा कणकवलीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करतो. तो म्हणाला, "मामा, पानं अजून जुन्या फाँटात लावतात, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांना कळतात त्या अक्षरांत नाही. कॉपी केलं तर भलतीच चिन्हं उमटतात, मग मशीन शोधणार काय?" बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत म्हणे, पण नंतर रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतात. मंत्र्यांच्या बातम्यांसाठी तेवढा वेळ निघतो. तालुक्याच्या पानासाठी निघत नाही.

सगळा पेपर बदला असं मी म्हणत नाही. जाहीर नोटिसा, निधनवार्ता, वीज बंदच्या सूचना, एवढंच मजकूर म्हणून टाका, तारखेसकट, गावाच्या नावाने सापडेल असं. नोटिशीचे पैसे आपण चौरस सेंटिमीटरवर मोजून घेतलेलेच असतात.

बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आमच्याच तालुक्यातलं. दर 6 जानेवारीला 1832 च्या 'दर्पण'ची आठवण निघते. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापत. दोन तऱ्हेच्या वाचकांसाठी त्या काळी एवढा खटाटोप केला त्यांनी. आपल्याला तर फक्त फाँट बदलायचा आहे.

आमची हरकत उशिरा का होईना वकिलांकडे दिली आहे. मोबाइलवरच्या पानाची प्रिंट काढून नेली होती, ती त्यांना वाचता येईना. शेवटी सलूनमधला तो पेपर मागून आणला, एका कोपऱ्याला साबण लागलेला.

– एक निवृत्त एस.टी. वाहक, ता. देवगड