‘ऑल-सीझन’ म्हणून विकलेल्या टायरांबाबत तक्रार

फोंडा, गोवा
दि. २१ जुलै २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मडगाव येथील आपल्या अधिकृत दालनाने १७ मे २०२५ रोजी माझ्या गाडीला बसवलेले दोन टायर परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

६ जुलैला, आषाढी एकादशीच्या दुपारी, बेळगावहून आईला घेऊन मी चोर्ला घाट उतरत होते. पाऊस धरून होता. वेग चाळीस-पंचेचाळीसच्या वर नव्हता, कारण धुक्यात पुढची गाडीही नीट दिसत नव्हती. केरीच्या अलीकडे एका उजव्या वळणावर डोंगरावरून आलेला ओहोळ रस्ता ओलांडून वाहत होता. तिथे मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडीची मागची बाजू डावीकडे, दरीच्या अंगाला, सरकली. डॅशबोर्डवर ईएससीचा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकला, गाडी एक हिसका देऊन सरळ झाली. आईने पर्स छातीशी घट्ट धरली होती. सांखळी येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

गाडी २ लिटर टर्बो पेट्रोल सेडान आहे, २०१८ साली घेतलेली. सात वर्षांत तिने असे कधी केले नव्हते. तेव्हा बदलले होते फक्त टायर. त्यामुळे ही तक्रार त्या टायरांच्या रबराबद्दल कमी आणि ते कसे निवडून, कसे बसवून दिले याबद्दल जास्त आहे. तुमच्या ग्राहक सेवेने ११ जुलैला मला ‘तपासणीत उत्पादन दोष आढळला नाही’ असे कळवून तक्रार बंद केली. मी उत्पादन दोष आहे असे म्हटलेच नव्हते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मूळ टायर २२५/४५ आर १७, ९१ डब्ल्यू असे होते. पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या स्टिकरवरही तेच आहे. मे महिन्यात पुढच्या दोन टायरांचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा थर, झिजण्याच्या खुणेपर्यंत आला होता, मागचे थोडे बरे होते. पाऊस तोंडावर होता, म्हणून मी दालनात जाऊन सरळ सांगितले की चारही बदलायचे आहेत, पैशांचा प्रश्न नाही, मला पावसातली पकड हवी आहे. माझी रोजची वाट फोंडा ते वेर्णा, बोरीच्या पुलावरून, आणि महिन्यातून दोनदा बेळगाव. उसगाव-सांखळी पट्ट्यात रस्त्यावर पडलेली लाल माती पहिल्या सरीत कशी निसरडी होते हे गोव्यात गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. हे सगळे मी तिथे बोलले होते.

मला उत्तर मिळाले, ‘मॅडम, मग ऑल-सीझनच घ्या, पावसासाठीच असतात.’ दालनाच्या भिंतीवरच्या फलकावरही ऊन, पाऊस आणि थंडी अशी तीन चित्रे होती. मी विश्वास ठेवला.

आता मला ठाऊक आहे की ‘ऑल-सीझन’ या शब्दातला सीझन आपला नाही. हे टायर अशा देशांसाठी घडवलेले असतात जिथे एकाच गाडीला उन्हाळाही काढायचा असतो आणि हलके बर्फही. पारा ७ अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. म्हणून ऑल-सीझनचे रबर थंडीतही लवचीक राहील असे बनवतात आणि बर्फ पकडण्यासाठी ट्रेडच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा पाडतात. मला दिलेल्या टायरच्या कडेवर एम प्लस एस अशी अक्षरे आहेत, म्हणजे चिखल आणि बर्फ. गोव्यात जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंशांच्या आसपास असतो. बर्फासाठी केलेल्या या तडजोडीचा आम्हाला काडीचा उपयोग नाही, तोटा मात्र आहे. तापलेल्या डांबरावर ते चिरलेले मऊ ठोकळे वळणावर वाकतात आणि स्टिअरिंग सैल वाटते. पावसातली पकड ठरते ती रबराच्या मिश्रणाने, पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद उभ्या खाचांनी आणि ट्रेड किती खोल शिल्लक आहे यावरून. परदेशात ज्याला समर टायर म्हणतात, त्यातला ओल्या रस्त्यावर चांगली श्रेणी असलेला टायर आमच्या उबदार पावसाला जास्त योग्य. नावात ‘समर’ असल्यामुळे तो पावसात चालणार नाही असे ग्राहकाला वाटते, आणि तुमचा विक्रेता तो गैरसमज दूर करण्याऐवजी त्यावरच विक्री करतो.

दुसरे, वेगाची श्रेणी. मूळ टायर डब्ल्यू, म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा. मला बसवला तो एच, म्हणजे २१० चा. बिलावर फक्त २२५/४५ आर १७ एवढेच छापले आहे, पुढचे अक्षर नाहीच. नंतर विचारले तेव्हा उत्तर आले की गोव्यात २१० ने कोण चालवतो. कोणीच नाही, मीही नाही. पण ते अक्षर म्हणजे टायर किती उष्णता सोसू शकतो याची चाचणी आहे, आणि जास्त श्रेणीच्या टायरची बांधणीही बहुधा जास्त ताठ असते. गाडी बनवणाऱ्याने सस्पेन्शन आणि ब्रेक त्या टायरला धरून बसवलेले असतात. उतरती श्रेणी द्यायचीच असेल तर आधी सांगायला हवे होते. मी नकार दिला असता.

तिसरी गोष्ट तारखेची. मी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करते. तिथे बॅच आणि तारीख वाचल्याशिवाय एक पट्टीही पुढे जात नाही, म्हणून स्वतःच्या टायरची तारीख मी दोन महिने वाचली नाही याचे मला वाईट वाटते. घाटातल्या प्रसंगानंतर वाचली. एका टायरवर ३०२२ आहे, दुसऱ्यावर ०९२४. पहिला २०२२ च्या तिसाव्या आठवड्यातला, दुसरा २०२४ च्या नवव्या. एकाच धुरीवर दीडेक वर्षाच्या अंतराचे दोन टायर, आणि दोन्हींची किंमत एकच, प्रत्येकी ११,८०० रुपये. गोदामात नीट ठेवलेला टायर लगेच खराब होत नाही हे मला मान्य आहे. पण पावणेतीन वर्षांपूर्वीचा माल ताज्याच्या दराने देताना ग्राहकाला कडेवरचे चार आकडे दाखवायला अर्धे मिनिट पुरते.

आणि आता सर्वात गंभीर बाब. या आकाराचे दोनच टायर शिल्लक होते. मी चार मागितले असताना ‘मागचे अजून एक पावसाळा काढतील’ असे सांगून ते दोन पुढच्या चाकांना बसवले. फोंड्याच्या एका टायरवाल्याकडे मी मागच्या टायरांची खोली मोजून घेतली, ती भरली ३.२ मिलिमीटर. कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे, त्यामुळे मागचे टायर कायद्यात बसतात. पण पुढे जवळजवळ ८ मिलिमीटर आणि मागे ३.२ असले, की साचलेल्या पाण्यात पुढची चाके खाली रस्ता पकडतात आणि मागची पाण्यावर तरंगतात. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरता येते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि सामान्य चालकाच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच दोनच टायर बदलताना नवे मागे बसवायचे, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरीही. त्या टायरवाल्याने गाडी जॅकवर घेतानाच मला विचारले, ‘बाय, नवे फुडें कोणें घाले?’ त्याच्याकडे ना तुमचा फलक आहे ना वातानुकूलित दालन. तात्पुरता उपाय म्हणून त्याने टायर मागे-पुढे बदलून दिले, त्याचे ४०० रुपये झाले.

शिवाय पुढे ऑल-सीझन आणि मागे समर अशी जोडी एकाच गाडीला लावणे मुळातच चूक आहे. दोन्हींची पकड वेगळ्या वेळी सुटते, आणि वळणावर कोणते टोक आधी जाईल याचा अंदाज राहत नाही. साठा नव्हता तर मी आठवडाभर थांबले असते. मे महिन्यात मी घाईत नव्हते, घाई दालनाला होती.

माझी मागणी अशी आहे. दोन्ही टायर परत घेऊन २३,६०० रुपये आणि बसवणे, बॅलन्सिंग व अलाइनमेंटचे २,१०० रुपये परत द्यावेत, किंवा ती रक्कम धरून तुमच्याच कंपनीचे २२५/४५ आर १७, भार निर्देशांक ९१ किंवा जास्त, वेगाची श्रेणी डब्ल्यू असलेले, एकाच वर्षीचे चार समर टायर द्यावेत. उरलेल्या दोन टायरांचा फरक मी भरेन, फुकट काही नको. दुसरे, गोव्यातल्या दालनांमधून तो तीन चित्रांचा फलक उतरवावा आणि बिलावर टायरचा पूर्ण आकार, भार, वेगाचे अक्षर आणि निर्मितीचा आठवडा छापावा. ही दुसरी मागणी माझ्यासाठी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. माझ्या गाडीत ईएससी होते. तुमच्या दालनातून रोज अशा गाड्याही बाहेर पडतात ज्यांच्यात ते नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दक्षिण गोवा जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करेन. कायद्याने त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली आहे, पण मी तेवढी थांबणार नाही. पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे आणि आईची पुढची तपासणी बेळगावला १० ऑगस्टच्या आठवड्यात आहे.

सोबत बिलाची प्रत, दोन्ही टायरांच्या कडेचे फोटो, पेट्रोलच्या झाकणावरील स्टिकरचा फोटो, ट्रेड मोजल्याची चिठ्ठी आणि ११ जुलैच्या तुमच्या उत्तराची प्रत जोडली आहे. टायर मी जपून ठेवते, तुमचा माणूस कधीही येऊन पाहू शकतो. येण्याआधी एक फोन करावा, मी कारखान्यातून सहानंतरच घरी असते.

आपली,
एक ग्राहक, फोंडा