सात दिवसांनंतर काय? सायकल अपघातातील जखमींबद्दल वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सायकलस्वार जखमींचा डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा

महोदय,

नागपूरची मेडिकल आणि मेयो ही दोन्ही रुग्णालये आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आरोग्य मंत्र्यांना न पाठवता आपल्याला लिहीत आहोत. आम्ही या शहरात हाडांच्या व डोक्याच्या दुखापतींवर आणि फिजिओथेरपीत काम करणारी मंडळी आहोत.

सायकलस्वाराला गाडीची धडक बसली की पहिल्या दिवशीची धावपळ बऱ्यापैकी होते. टाके पडतात, सीटी होतो, प्लास्टर लागते. बिघडते ते पुढे. अनेकदा डिस्चार्ज कार्डावर ‘त्रास वाटल्यास दाखवणे’ एवढेच लिहिलेले असते. आणि सायकलवरून पडून माणूस कायमचा अधू होतो अशा काही दुखापती पहिल्या दिवशी ‘मुका मार’ म्हणूनच खपतात.

मनगटाचेच घ्या. पडताना हात पुढे जातो आणि सगळा भार तळहातावर येतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड असते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. मग ‘मुरगळलंय’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवले जाते. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून उलटे कोपराकडच्या टोकाकडे येते. मधोमध चीर गेली की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो; मग हाड जुळत नाही, आणि काही वर्षांत मनगट झिजते. हिंगणा एमआयडीसीत पाना फिरवणाऱ्या कामगाराचे कामच त्याने जाते. टाळायला फार काही लागत नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी पडणारी खळगी दाबून पाहायची. दुखली तर एक्स-रे स्वच्छ असला तरी अंगठ्यासह प्लास्टर घालायचे आणि १० ते १४ दिवसांनी फोटो पुन्हा काढायचा. वेळेत सापडले तर बहुतेकदा प्लास्टरवर भागते. उशीर झाला की स्क्रू आणि कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवणे आले.

लहान मुलांत धोका हँडलचा. ग्रिपचे रबर झिजून नळीचे उघडे टोक बाहेर आलेले असते. मूल हळूच पडते, सायकल धड असते, पोटावर नाण्याएवढा गोल वळ उठतो. आत मात्र स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा पहिला भाग नळी आणि पाठीचा कणा यांच्यात चेंगरलेला असू शकतो. उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात, पोटात पाण्याची गाठ काही आठवड्यांनी दिसते. असा वळ दिसला की सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणून सोडू नये. निदान एक दिवस ठेवून पोट पुन्हा पुन्हा तपासावे. अशा मारात प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, जंतूंशी लढणारा अवयव) काढावी लागली तर साधारण १४ दिवसांनी न्यूमोनिया व मेंदूज्वराच्या जंतूंविरुद्धच्या न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब लसी द्याव्यात. ताप आला की लगेच डॉक्टर गाठायचा, हा नियम त्या मुलाला जन्मभर लागू असतो. तो घरच्यांना कोणी सांगायचा?

डोक्याचा सीटी नॉर्मल आला तरी डोकेदुखी, चक्कर, चिडचिड आणि अभ्यासात लक्ष न लागणे महिनोन्‌महिने टिकू शकते. एक-दोन दिवस विश्रांती, मग अर्धा दिवस शाळा, पूर्ण शाळा झेपली की मगच मैदान, हा क्रम पालकांना लिहून मिळायला हवा. वयस्कांत, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर, तीन-चार आठवड्यांनी मेंदूवर रक्त साचून चाल अडखळते, बोलणे भरकटते. घरचे म्हणतात वय झालं. हे रक्त कवटीला छिद्र पाडून काढता येते आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो.

कोपराच्या माराला तेल लावून चोळू नये, हेही कार्डावर ठळक छापा. चोळल्याने स्नायूत हाड तयार होऊ शकते आणि कोपर आखडतो. सांगून सांगून आम्ही थकलो.

पैशांचे गणितही इथेच अडते. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींसाठीची केंद्राची २०२५ची कॅशलेस उपचार योजना दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलते, पण अपघातापासून सातच दिवस. वरचा दुसरा एक्स-रे त्यात येत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. म्हणून आमची मागणी अशी : मेडिकल आणि मेयोत प्रत्येक जखमी सायकलस्वाराच्या कार्डावर तीन तारखांचा शिक्का मारावा. चौदावा दिवस मनगट आणि लसींसाठी, सहावा आठवडा डोके आणि सांध्यांसाठी, पाचवा महिना कायमचे अपंगत्व मोजण्यासाठी. सहावा महिना मुद्दामच म्हणत नाही. तोवर दाव्याची मुदत संपत आलेली असते. मुलांच्या हाडाच्या वाढीच्या टोकाला मार असेल तर वर्षाने आणखी एक फोटो.

या तपासण्या आठवड्यातून एका दुपारी, एकाच खोलीत व्हाव्यात. अस्थिरोग, न्यूरोसर्जरी आणि फिजिओथेरपी अशा तीन ओपीडींसाठी तीन दिवसांची मजुरी बुडवायला कोणी येत नाही. नवी इमारत नको, नवे पद नको. एक खोली, एक शिक्का आणि न आलेल्याला फोन करणारा एक माणूस आहे त्या कर्मचाऱ्यांतूनच मिळेल.

आपले,
नागपुरातील अस्थिरोग, न्यूरो आणि फिजिओथेरपी क्षेत्रातील कर्मचारी

प्रत : मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका. सिमेंट रोड आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यातील फटीत चाक अडकून पडलेला सायकलस्वार कॅशलेस योजनेत बसत नाही, कारण त्यात मोटार वाहनच नसते. ती फट पावसाळ्यापूर्वी बुजवावी.