समुद्रकाकडीची ओळख रंगावरून ठरवू नये

मा. संपादक,

तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात किंवा पाल्कच्या उपसागरात समुद्रकाकड्यांचा, म्हणजे समुद्राच्या तळावर राहणाऱ्या काकडीच्या आकाराच्या प्राण्यांचा, साठा पकडला की बातमीत वजन येते, किंमत येते. प्रजातीचे नाव बहुधा नसते. असलेच तर कोणत्याही काळपट प्राण्याला 'होलोथुरिया स्काब्रा' म्हणून मोकळे झालेले असतात. 2001 पासून आपल्याकडे सगळ्याच समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, तेव्हा गुन्हा नोंदवायला प्रजाती कशाला हवी, असा त्यामागचा विचार दिसतो. तो आम्हाला पटत नाही. साठ्यात जिवंत प्राणी असतील तर ते परत सोडायचे कुठे, हे प्रजातीवर ठरते. स्काब्रा समुद्री गवताच्या उथळ, गाळमिश्रित वाळूत राहते आणि त्या वाळूत स्वतःला पुरून घेते. होलोथुरिया अट्रा प्रामुख्याने प्रवाळाच्या आसपासच्या वाळूवर आढळते. नाव चुकले तर जीव वाचवण्याच्या नावाखाली प्राणी भलत्याच तळावर जाऊन पडतो.

स्काब्राचे शास्त्रीय वर्णन येगर यांनी 1833 मध्ये केले. जिवंत प्राणी हाती असेल तर आधी आकार पाहावा. शरीर जाड आणि घट्ट असते, पाठ फुगीर व आडव्या सुरकुत्यांची, पोट सपाट व फिकट, त्यावर बारीक गडद ठिपके. पाठीचा रंग करड्यापासून काळ्यापर्यंत काहीही असू शकतो, कधी सुरकुत्यांत पिवळसर पट्टे दिसतात. म्हणूनच रंग हा पुरावा धरू नये. हिच्याशी घोळ होणाऱ्या दोन काळ्या प्रजाती हातात घेतल्यावर वेगळ्या निघतात. अट्राच्या अंगावर वाळूचा थर असतो आणि पाठीवर वाळू नसलेल्या गोल जागांच्या दोन ओळी. ओली त्वचा चोळली की बोटांना लालसर रंग लागतो. होलोथुरिया ल्युकोस्पिलोटा लांब, मऊ, लुळी असते आणि डिवचल्यावर गुदद्वारातून चिकट पांढरे तंतू सोडते. स्काब्रा असे तंतू सोडत नाही, कारण ते तयार करणाऱ्या नलिकाच तिच्यात नसतात.

खरा गोंधळ जवळच्या नात्यातल्या प्रजातीचा आहे. 'स्काब्राचा बहुरंगी प्रकार' म्हणून वर्षानुवर्षे नोंदवलेला प्राणी 2009 मध्ये होलोथुरिया लेसोनी ही वेगळी प्रजाती ठरला. त्यामुळे त्याआधीच्या याद्यांतले प्रत्येक 'स्काब्रा' आज डोळे मिटून उचलता येत नाही. हिंदी महासागरातली होलोथुरिया नोबिलिस आणि प्रशांत महासागरातली होलोथुरिया व्हिटमाई यांचेही तसेच. दोन्ही दीर्घकाळ एकच मानल्या गेल्या आणि डीएनएच्या आधारे 2004 मध्ये वेगळ्या काढल्या गेल्या. होलोथुरिया फुस्कोगिल्वासह या दोघी ऑगस्ट 2020 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. पकडलेला माल त्यांच्यापैकी असेल तर प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांतही जाते, आणि तिथे 'समुद्रकाकडी' एवढ्या नोंदीवर काम भागत नाही.

पक्की ओळख त्वचेतल्या चुन्याच्या सूक्ष्म कणांवरून होते. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही, कोणत्याही महाविद्यालयातले साधे सूक्ष्मदर्शक पुरते. पाठ, पोट आणि तोंडाजवळच्या शुंडकांतून (अन्न गोळा करणाऱ्या बोटांसारख्या अवयवांतून) डाळीच्या दाण्याएवढे तुकडे कापावेत आणि प्रत्येक वेगळ्या काचपट्टीवर ठेवावा, कारण पाठीचे व पोटाचे कण सारखे असतीलच असे नाही. तुकड्यावर घरगुती ब्लीचचे काही थेंब घालावेत. दहा-पंधरा मिनिटांत मांस विरघळते आणि पांढरी भुकटी खाली बसते. ड्रॉपरने वरचे द्रव हळूच काढून ऊर्ध्वपातित पाणी घालावे, कण बसू द्यावेत, पुन्हा काढावे. असे निदान पाच वेळा. इथे घाई केली तर कण पाण्याबरोबर निघून जातात, आणि धुणे अपुरे राहिले तर वाळल्यावर मिठाचे स्फटिक सगळे झाकून टाकतात. काचपट्टी जोरात हलवू नये, 'टेबल' कणांचे, म्हणजे तबकडीवर मनोरा असलेल्या कणांचे, मनोरे मोडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नये. कण तर विरघळतातच, शिवाय विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग शंभरपट आणि चारशेपट मोठे करून पाहावे. स्काब्राच्या त्वचेत मनोऱ्याची टेबले आणि गाठी असलेली, जोडीजोडीने छिद्रे पाडलेली बटणे दिसतात. अट्रात टेबलांसोबत बटणांऐवजी फुलासारखे छोटे कण असतात. अ‍ॅक्टिनोपायगा या समुद्रकाकड्यांच्या दुसऱ्या वंशात टेबले नसतातच, आणि गुदद्वाराभोवतीचे पाच चुनखडी दात सुकलेल्या मालातही नुसत्या डोळ्यांना दिसतात.

सुकवलेल्या स्काब्राबाबत मात्र सावध राहावे. माल तयार करताना प्राणी उकळून वाळूत पुरतात, वरचा थर सडला की घासून काढतात. म्हणजे ओळखीचे कणच त्या घासण्यात जातात. पाठीच्या तुकड्यात काही न सापडल्यास 'ओळख पटत नाही' असा शेरा मारण्याची घाई करू नये. तुकडा रात्रभर साध्या पाण्यात भिजवून तोंडाभोवतीच्या आणि गुदद्वाराजवळच्या घड्यांतून नमुना घ्यावा, कारण तिथे घासणी पोचत नाही. वजनाचीही काळजी घ्यावी. सुकल्यावर स्काब्राचे वजन जिवंत वजनाच्या साधारण 5 टक्के उरते. पंचनाम्यात '100 किलो' लिहिले आणि ओले की सुके ते लिहिले नाही, तर समुद्रातून सुमारे 2,000 किलो प्राणी गेल्याची नोंदच होत नाही.

नमुना जपण्यासाठी फॉर्मेलिन वापरण्याची जुनी सवय आता सोडायला हवी. फॉर्मेलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि कण खाऊन टाकते, काही महिन्यांनी त्या बाटलीत ओळखण्यासारखे फारसे उरत नाही. 70 टक्के इथेनॉल वापरावे, आणि डीएनएसाठी वेगळा छोटा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण पेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते. छायाचित्रे पाठ, पोट, तोंड आणि गुदद्वार अशी चार, बाजूला मोजपट्टी ठेवून घ्यावीत. बातमीदारांनाही हीच चार छायाचित्रे मिळाली, तर कणांचा निकाल येईपर्यंत छायाचित्राखाली प्रजातीचे नाव न छापता 'होलोथुरिया वंशातील समुद्रकाकडी, ओळख बाकी' असे छापावे, आणि निकाल आल्यावर नाव स्वतंत्र बातमीत द्यावे, ही आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे.

आपले,
सागरी प्राणिशास्त्राचे अध्यापक, रत्नागिरी